आधी सिरिंजची टोपी बघा, बाकीचं मग बोलू

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथे देते:

"मॅडम, आमचा बोका गोट्या ११ वर्षांचा आहे. साडेसहा किलोचा होता, आता साडेपाच भरला. दीड-दोन महिने झाले, सारखं पाणी पितोय, बाथरूमच्या बादलीत तोंड घालून पितो, त्याच्या शी-शूच्या डब्यातली वाळू दिवसातून दोनदा बदलावी लागते आणि मागचे पाय टाचेपर्यंत टेकवत चालतो. डॉक्टरांनी मानेतून रक्त काढलं. चौघांनी धरलं होतं, तो असा ओरडला की मी बाहेर जाऊन रडले. शुगर ४३० आली, लघवीत पण शुगर आहे. डायबिटीस आहे म्हणाले, रोज सकाळ-संध्याकाळ १ युनिट इन्सुलिन घरीच द्या म्हणाले. बाटलीवर १०० लिहिलंय, मेडिकलवाल्याने लाल टोपीच्या सिरिंज दिल्या. १० दिवस झाले, बाटली फ्रिजमध्ये तशीच आहे. सुई हातात घेतली की माझा हात थरथरतो. मिस्टर म्हणतात, म्हातारपणी त्याला टोचून टोचून हैराण करू नकोस, माझ्या डायबिटीसच्या गोळीचा, मेटफॉर्मिनचा, पाव तुकडा देऊन बघ. मॅडम, गोळीवर नाही का भागणार? मानेतून रक्त काढणं बरोबर होतं का? आणि रोज सुई टोचली तर गोट्या माझ्याजवळ येईल का?"

ताई, बाकी सगळं नंतर, आधी उठा आणि त्या लाल टोपीच्या सिरिंज एका पिशवीत घालून कपाटात वर ठेवून द्या, त्यातली एकही गोट्यासाठी वापरायची नाही. का ते सांगते. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं, एकात १ मिलीमध्ये ४० युनिट असतात आणि दुसऱ्यात १०० युनिट, आणि दोन्हीच्या सिरिंज वेगवेगळ्या असतात. लाल टोपीची ४० वाल्या बाटलीची, केशरी टोपीची १०० वाल्या बाटलीची. लाल टोपीच्या सिरिंजवर १ युनिटची रेघ म्हणजे ०.०२५ मिली. आता तुमची बाटली आहे १०० ची, त्यातलं ०.०२५ मिली म्हणजे अडीच युनिट झाले. डॉक्टरांनी सांगितलं १, तुम्ही रेघ बघून अगदी काटेकोरपणे १ भरणार, आणि गोट्याच्या अंगात जाणार अडीच. साडेपाच किलोच्या बोक्याला रोज दोनदा अडीचपट डोस गेला तर दोन-तीन दिवसांत शुगर एकदम खाली जाऊन झटके येऊ शकतात. तुमचा हात थरथरला म्हणून हे टळलं, त्यामुळे १० दिवस वाया गेले म्हणून स्वतःला बोल लावू नका.

उलट चूक पण होते बरं का. बाटली ४० ची आणि सिरिंज केशरी, मग १ च्या जागी ०.४ च जातं, शुगर काही उतरत नाही आणि सगळे म्हणतात इन्सुलिन लागूच पडत नाही. म्हणून मेडिकलमध्ये जाताना बाटली, निदान तिचा फोटो, घेऊन जा आणि केशरी टोपीची, १०० युनिटवाली, ०.३ मिलीची सिरिंज मागा, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर फारच छान. १ मिलीची केशरी सिरिंज देतील तर घेऊ नका, तिच्यावर एक रेघ म्हणजे २ युनिट असतात, त्यावर १ युनिट मोजायचा म्हणजे दोन रेघांच्या मधलं अंदाजाने धरायचं, आणि मांजराच्या बाबतीत अंदाज चालत नाही. आणल्यावर बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन एकदा डॉक्टरांना दाखवा, तुमच्यासमोर त्यांना १ युनिट भरून दाखवायला सांगा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा की दट्ट्या नेमका कुठे थांबला. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हा फोटो काढायला लावते, रोज सकाळी चष्मा लावून त्या फोटोशी ताडून बघायचं.

दुसरं, आजचं आज बघा: गोट्या जेवतोय का? पत्रात तुम्ही पाण्याचं लिहिलंय, खाण्याचं काहीच नाही. डायबिटीसचं मांजर खातंपितं असेल तोवर आपल्याकडे थोडा वेळ असतो. पण खाणं सोडलं, उलट्या होतायत, कोपऱ्यात गप्प पडून राहतोय असं असेल तर हे उत्तर पूर्ण वाचत बसू नका, आत्ता दवाखान्यात न्या, रात्र असेल तर रात्री उघडा असलेला दवाखाना शोधा. इन्सुलिन मिळालं नाही की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात आम्ल साठतं, मग सलाईनवर ठेवून दिवसचे दिवस काढावे लागतात आणि तरी सगळी मांजरं वाचत नाहीत.

आता मिस्टरांची गोळी. त्यांचं गोट्यावर प्रेम आहे म्हणूनच ते बोलतायत, पण मेटफॉर्मिन देऊ नका. मांजरांवर तिचा म्हणावा तसा उपयोग होत नाही, उलट्या होतात, भूक जाते, आणि भूक जाणं हेच गोट्याला सगळ्यात जास्त नडेल. मांजरांसाठीच्या गोळ्या मुळात नाहीतच असं नाही, अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन नावाच्या गोळीला मान्यता मिळाली, पण ती सरसकट सगळ्यांना चालत नाही, आधी यकृत-किडनी तपासून, मांजर खातंपितं असेल आणि इन्सुलिन कधी घेतलेलं नसेल तरच देतात, आणि ती चालू असताना वर सांगितलेलं आम्ल साठण्याचं संकट शुगर फार चढलेली नसताना सुद्धा येऊ शकतं. हवं तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण सध्या आपला मार्ग इन्सुलिनचाच धरून चाला. आणि एक गोष्ट विषय निघालाय म्हणून सांगतेच, माणसांची कुठलीही गोळी पाव तुकडा म्हणून मांजराला द्यायची सवय घरातून काढून टाका. पॅरासिटामोलच्या एका गोळीने गेलेली मांजरं मी बघितलीत, घरच्यांनी ताप उतरावा म्हणून मायेनेच दिलेली असते.

इन्सुलिनचा एवढा आग्रह का, तर मांजरांचं एक वेगळं आहे. कुत्र्याला डायबिटीस झाला की बहुतेक वेळा आयुष्यभर इन्सुलिन लागतं. मांजराचं स्वादुपिंड मात्र बऱ्याचदा पूर्ण संपलेलं नसतं, सतत चढलेल्या शुगरने ते दमून गेलेलं असतं, आणि सुरुवातीच्या महिन्यांतच शुगर नीट आणली, सोबत कमी कार्ब्जचं ओलं खाणं दिलं, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे बंदही करता येतं. सगळ्यांचं होत नाही, तसं वचन मी देणार नाही. पण जितकं लवकर सुरू कराल तितकी आशा जास्त. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवतो म्हणालात, ते पण यातलंच आहे, चढलेल्या शुगरने पायांच्या नसांवर परिणाम होतो. शुगर ताब्यात आली की बरीच मांजरं काही आठवड्या-महिन्यांत पुन्हा पंजांवर चालायला लागतात, पहिल्यासारखी ओट्यावर उडी मारली की घरात पेढे वाटायचे बाकी असतात.

बरं, आता सुईकडे येऊ, कारण तुमचं खरं दुखणं ते आहे.

तुमच्या डोळ्यांसमोर जी सुई आहे ना ताई, ती दवाखान्यातली आहे. सुईला नंबर असतो, आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे उलटं असल्यामुळे लोकांचा घोळ होतो. मांजराचं रक्त काढायला आम्ही साधारण २२ किंवा २३ नंबर घेतो, २२ चं प्लॅस्टिकचं बूड काळं असतं, २३ चं निळं. २२ ची जाडी ०.७ मिलिमीटरच्या आसपास. इन्सुलिनच्या सिरिंजला असते ती २९ ते ३१ नंबरची, ३१ ची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर, लांबी ६ ते ८ मिलिमीटर, आणि ती शिरेत वगैरे घालायची नाही, नुसती कातडीखाली. मांजराची पाठीवरची, बरगड्यांवरची कातडी सैल असते, तुम्ही कुरवाळताना मुठीत येते बघा, तिथे त्या सुईचं त्याला बऱ्याचदा कळत सुद्धा नाही. सिरिंज आणली की आधी स्वतःच्या हातावर नुसती सुई, काही न भरता, टोचून बघा, मग ती टाकून द्या. मी हे सगळ्यांना करायला लावते, आणि टोचून झाल्यावर चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसतो.

मानेतून रक्त काढणं बरोबर होतं का? हो, मानेतून काढणं बरोबर होतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण मानेची शीर मांजराच्या अंगातली हाताला लागणारी सगळ्यात जाड आणि सरळ शीर. तिथून ८-१० सेकंदात २-३ मिली रक्त निघतं. पुढच्या पायाची शीर बारीक, भित्र्या मांजराची तर आणखी आखडते, रक्त थेंब थेंब येतं, तेवढ्यात सिरिंजमध्येच गोठायला लागतं, पेशी फुटतात, मग लॅबवाले म्हणतात सॅम्पल खराब आहे, पुन्हा पाठवा, म्हणजे पुन्हा टोचा. मांजराच्या प्लेटलेट्स तर एकमेकींना चिकटायला टपलेल्याच असतात, रक्त हळू आलं की मशीनवर प्लेटलेट्स खोट्याच कमी दिसतात. शिवाय पायाच्या शिरा आम्ही सलाईनसाठी राखून ठेवतो. (गोचीडतापाने खरोखरच प्लेटलेट्स घसरलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र मी मानेला हात लावत नाही, रक्त थांबलं नाही तर मानेवर दाब द्यायला अवघड जातं, तिथे पायच बरा.) आणि रक्त किती गेलं म्हणाल तर गोट्याच्या अंगात साधारण ३०० मिली रक्त असेल, त्यातलं २-३ मिली म्हणजे काहीच नाही.

पण चौघांनी धरलं, ते बरोबर नव्हतं. हे मी स्पष्ट लिहितेय कारण तुम्ही बाहेर जाऊन रडलात ते तुमचं मन हळवं आहे म्हणून नव्हे, तुम्हाला जे दिसलं ते खरंच चुकीचं होतं. गोट्या सुईमुळे ओरडला नाही, धरल्यामुळे ओरडला. मी नवीन होते तेव्हा एका दवाखान्यात काम शिकत होते, तिथे मांजर आलं की पद्धतच होती, एकाने मानगूट धरायची, एकाने पुढचे पाय, एकाने मागचे ताणायचे. एक तिरंगी भाटी होती, तीन किलोची सुद्धा नसेल. ताणलं की ती धडपडायची, धडपडली की आणखी ताणायचे, शेवटी तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकायला लागली, जीभ निळसर. मी तिचे मागचे पाय धरले होते, मीच. सोडा म्हणायला मला अर्धं मिनिट जास्त लागलं, ते अर्धं मिनिट मी अजून विसरलेले नाही. ती वाचली, पण त्यानंतर पिंजऱ्यात हात घातला की थुंकायची. मांजराला दाबलं की ते शांत होत नाही, त्याला वाटतं आता आपल्याला खाणार. २०२२ मध्ये मांजरांच्या डॉक्टरांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून मांजर हाताळण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही मानगूट धरू नका, कमीत कमी धरा, त्याला लपायला जागा द्या हेच सांगितलंय.

मग पुढच्या वेळी काय करायचं, कारण रक्त पुन्हा तपासावं लागणारच आहे. आदल्या दिवशी फोन करून सांगा, आमचं मांजर घाबरतं, मागच्या वेळी फार त्रास झाला, घरून निघायच्या आधी द्यायला गॅबापेंटिन चालेल का. हे औषध २-३ तास आधी दिलं की मांजर थोडं गुंगतं, भीती उतरते, डोस मात्र डॉक्टरांनीच वजनावर ठरवायचा, पातळ औषध तर स्वतःहून आणूच नका, माणसांच्या काही सिरपमध्ये गोडव्यासाठी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे, घरात कुत्रा असेल तर उगाच धोका. सुईच्या जागी लावायचं बधिर करणारं मलम पण मिळतं, केस भादरून पाऊण-एक तास आधी लावतात, तेही विचारा. कुत्र्यांची गर्दी नसेल अशी वेळ मागा. पिंजऱ्यात त्याची वापरलेली, न धुतलेली चादर घाला, वरून टॉवेल टाका, पिंजरा जमिनीवर ठेवू नका, मांडीवर घ्या. वरचं झाकण निघतं असला पिंजरा असेल तर मांजर खालच्या अर्ध्यातच बसू द्यायचं, टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त मान किंवा एक पाय बाहेर, समोर त्याच्या आवडीची पेस्ट, एक माणूस धरायला, एक सुईला, बस. आणि दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही तर थांबा, आज नको, असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. चांगला डॉक्टर याने दुखावत नाही.

घाबरण्याला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. घाबरलेल्या मांजराची शुगर नुसत्या भीतीने ३०० च्या वर जाऊ शकते, डायबिटीस नसताना. म्हणून एकट्या शुगरच्या आकड्यावर मी मांजराला डायबिटीस म्हणत नाही. गोट्याचं वजन उतरलंय, पाणी वाढलंय, पाय टेकतायत आणि लघवीत शुगर आहे, त्यामुळे निदान बरोबरच वाटतं. तरी फ्रुक्टोसामिन नावाची रक्ताची टेस्ट झाली नसेल तर पुढच्या रक्तात करून घ्या, ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते, त्या दिवशीच्या घाबरण्याने बदलत नाही.

आता घरची सुई. आधी मोसंब्यावर हात बसवा, साध्या पाण्याने, एका सिरिंजने १०-१५ वेळा. आम्ही पण कॉलेजात असंच शिकलो. मोसंब्याचं साल पहिल्यांदा थोडं अडतं मग सुई सुळकन आत जाते, ती सुळकन जाणारी जाणीव बोटांना ओळखीची झाली की अर्धी थरथर जाते. (ती मोसंबी टाकून द्यायची, खायची नाही.) मग दोन दिवस गोट्याला नुसतं जेवणाच्या वेळी टोपी लावलेली सिरिंज कातडीला टेकवायची, टोचायचं काही नाही, कातडी चिमटीत धरायची, टेकवायची, सोडायची, आणि लगेच काहीतरी आवडीचं द्यायचं. हे दोन दिवस म्हणजे नव्या सिरिंज आणून डॉक्टरांना दाखवायला जाईल तेवढाच वेळ, त्याहून लांबवू नका.

प्रत्यक्षात असं. फ्रिजमधून बाटली काढा, तुमचं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ आहे ना बघा, १०० चं ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन असेल तर ते स्वच्छच असतं, गढूळ झालं किंवा कण दिसले तर वापरायचं नाही. बाटली कधी गोठवायची नाही, फ्रिजमध्ये सुद्धा बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. बाटली उलटी धरून १ युनिटच्या थोडं जास्त ओढा, सिरिंजवर टिचकी मारून बुडबुडा वर घ्या, परत ढकलून बरोबर रेघेवर आणा, फोटोशी ताडा. गोट्याची वाटी ओट्यावर किंवा जमिनीवर, जिथे तुम्हाला वाकून कंबर धरणार नाही तिथे ठेवा. तो जेवायला लागला, चारेक घास गेले की डाव्या हाताच्या अंगठा आणि दोन बोटांनी बरगडीच्या बाजूची कातडी हलकी वर उचला, छोटा तंबू होतो, त्या तंबूच्या बुडाशी एक खळगा पडतो. सुईचं तिरकं कापलेलं तोंड वरच्या बाजूला ठेवून त्या खळग्यात, पाठीला समांतर, एका दमात सरकवा. हळूहळू टोचू नका, हळू टोचलं की जास्त लागतं. दट्ट्या दाबा, सुई काढा, तंबू सोडा. झालं. तो वाटीतून डोकं सुद्धा वर काढणार नाही बहुतेक. स्पिरिटचा बोळा लावायची गरज नाही, त्या वासाने आणि गारव्याने मांजर सुईपेक्षा जास्त दचकतं.

केस ओले लागले, औषधाचा वास आला, तर सुई तंबूच्या आरपार जाऊन औषध बाहेर पडलंय. अशा वेळी परत द्यायचं नाही. किती आत गेलं आपल्याला माहीत नाही, म्हणून तो डोस गेला असं समजायचं आणि पुढच्या वेळेला नेहमीचाच द्यायचा. एक डोस चुकल्याने काही होत नाही, डबल झाल्याने होतं. आणि डबल होण्याचं घरातलं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दोघांनी देणं, सकाळी तुम्ही दिलं, तुम्ही आंघोळीला गेलात, मुलीला वाटलं आई विसरली. फ्रिजवर कॅलेंडर लावा, दिलं की लगेच तारखेवर खूण, बाजूला वेळ. खूण नसेल आणि आठवत नसेल तर द्यायचं नाही. दोन डोसमध्ये १२ तास, सकाळी ८ तर रात्री ८, अर्ध्या-एक तासाने मागेपुढे झालं तर आकाश कोसळत नाही. जेवलाच नाही किंवा अर्धंच खाल्लं तर डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन. जागा रोज बदला, आज डावी बरगडी, संध्याकाळी उजवी, उद्या मांडीच्या वरची बाजू. सुई प्रत्येक वेळी नवी, दुसऱ्यांदा वापरली की टोक बोथटतं आणि मग गोट्याला खरंच दुखतं, दहा-बारा रुपये वाचवून त्याचा विश्वास घालवू नका.

घरात मध किंवा ग्लुकोज पावडर कायम हवी, ती पण त्याच फ्रिजजवळ. शुगर उतरली तर मांजर डगमगतं, डोकं जड झाल्यासारखं करतं, हाक मारली तर बघत नाही, कधी एकदम भूक लागल्यासारखं ओरडतं, पुढे झटके. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर बोटाने मध हिरड्यांवर चोळा, तोंडात ओतू नका, घशात जाईल. आणि सावरला तरी दवाखान्यात न्यायचं, कारण मधाचा परिणाम संपतो, इन्सुलिनचा चालूच असतो.

शुगर घरी तपासता येते, पण हे पहिल्याच आठवड्यात डोक्यावर घेऊ नका, आधी इंजेक्शनचा हात बसू दे. नंतर डॉक्टरांकडून कानाची पद्धत शिकून घ्या: कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते, कोमट बोळ्याने कान अर्धा-एक मिनिट शेकायचा, कडेला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवायचा म्हणजे थेंब केसात न पसरता गोल उभा राहतो, मागून कापसाचा आधार देऊन शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या जागेत लॅन्सेटने, म्हणजे शुगर तपासायच्या छोट्या सुईने, टोचायचं, साबुदाण्याएवढा थेंब पुरतो, मग मिनिटभर दाबून धरायचं. माणसांचं ग्लुकोमीटर चालतं, पण ते मांजराची शुगर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, त्यामुळे कुठल्या मीटरवर आकडा घेतला ते डॉक्टरांना सांगा, आणि मीटर बदलू नका. स्वतः डोस कमी-जास्त तर मुळीच करू नका. माणसांच्या दंडावर लावतात तो शुगर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर मांजराला पण लावता येतो, खर्च आहे, मांजर कधी आधीच उपटून टाकतं, पण ज्यांना रोज कान टोचणं जमतच नाही त्यांच्यासाठी मला तो फार चांगला वाटतो.

आता एक गोष्ट आहे जी मला प्रत्येकाला हात जोडून सांगावीशी वाटते. वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. रोज दोन म्हणजे महिन्याला ६० सुया. तुमचा कचरा नेणाऱ्या मावशी तो हाताने वेगळा करतात, बऱ्याच जणींकडे हातमोजे पण नसतात, आणि सुई टोचली की त्यांना ती मांजराची होती की माणसाची हे कसं कळणार, त्यांनी पुढचे महिने टेस्ट करत भीतीत काढायचे. कपडे धुवायच्या लिक्विडची जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या, वर मार्करने 'सुया' लिहा, टोचून झालं की टोपी परत न लावता सिरिंज थेट त्यात. टोपी लावायला गेलात की स्वतःच्या बोटाला लागते. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून टेप मारा आणि तुमच्या डॉक्टरांना विचारून दवाखान्यात द्या. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत जनावरांचे दवाखाने पण येतात, त्यांच्याकडे सुयांसाठी न टोचणारा वेगळा पांढरा डबा असायलाच हवा, तो कचरा त्यांची एजन्सी नेते. एखादा दवाखाना नाही म्हणाला तर दुसऱ्याला विचारा, पण पिशवीत नको.

गोट्या जवळ येईल का? येईल ताई. मांजर जागा, वास आणि माणसाचा ताण लक्षात ठेवतं. म्हणून इंजेक्शन तो झोपतो त्या जागी देऊ नका, पलंगाखालून ओढून काढून तर कधीच नाही, वाटीशीच द्या. माझ्याकडे एक आजोबा यायचे, बोटांना संधिवात, त्यांनी त्यांच्या मांजरीला चार वर्षं रोज दोनदा इन्सुलिन दिलं, शेवटी शेवटी बाटली काढायला फ्रिजचं दार उघडलं की मांजर स्वतःच वाटीपाशी येऊन बसायची. इन्सुलिन म्हणजे जेवण, एवढंच तिला कळत होतं. मिस्टरांना पण एकदा बाजूला उभं करून दाखवा, आणि मग त्यांनाही शिकवा, तुम्हाला ताप आला किंवा लग्नाला गावी जावं लागलं तर दुसरा हात लागतोच. त्यांना हेही सांगा की १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं ते कुत्र्यांवर काम करून, आणि पुढची कित्येक दशकं माणसं गाई-डुकरांच्या इन्सुलिनवर जगली. गाईचं इन्सुलिन मांजराच्या इन्सुलिनपेक्षा फक्त एका अमिनो आम्लाने वेगळं असतं. जनावरांकडून आपण घेतलेलं औषध आता गोट्याला परत द्यायचंय, ते त्याला हैराण करणं नाही.

पहिलं इंजेक्शन मंगळवार-बुधवार असा मधला वार बघून सकाळचं द्या, रविवारी नको, म्हणजे काही वाटलं तर दिवसभर दवाखाना उघडा असेल. त्या दिवशी शक्य असेल तर सुट्टी काढा, दुपारभर घरात थांबा, दर तासाने त्याच्याकडे नुसतं एक नजर टाका, उठवू नका. आणि केशरी टोपीची सिरिंज मिळाली की मला एका ओळीत कळवा, मी वाट बघतेय.